पाटकऱ्याचं तोंड

खड्ड्यातला चिखल कडेनं पांढरा पडायला लागला तशी कौलवालीच्या जिवाची घालमेल सुरू झाली. कौलाची माती एकदा भिजवली की तिला उसंत देता येत नाही. पाणी चुकलं की ती गोळे धरते, मग तुडवून तुडवून टाचा फुटल्या तरी एकजीव होत नाही. आज पाटाच्या पाण्याची पाळी यांच्या घराची होती. ऊन माथ्यावर आलं तरी घरामागच्या चारीत टिपूस नव्हता.

"येईल गं," भट्टीपाशी लाकडं रचणारा नवरा म्हणाला. "पाणी आणि पाहुणा, वाट बघत बसलं की येत नाहीत."

"तुम्हाला मेलं सगळ्याचं हसू," म्हणत तिनं फावडं खांद्यावर टाकलं आणि चारीच्या काठानं ती वर निघाली.

पाट गावात शिरत होता तिथे दगडी मोरी होती. मोरीच्या तोंडाशी लोखंडी झडप, झडपेवर फिरवायचं चाक, आणि चाकाच्या कुलपाची किल्ली पाटकऱ्याच्या गळ्यात. कोणाच्या रानात कधी पाणी जायचं ते याच्या हातात. माणूस उंच, हाडकुळा. डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली, समोरचा एक दात तुटका, उजव्या कानाचा वरचा काठ दुमडलेला. तो झडपेजवळच्या झाडाखाली पाय पसरून बसला होता. खाली पाटात जेमतेम घोटाभर पाणी होतं आणि त्यात बायका धुणं धूत होत्या.

"आज आमची पाळी होती," कौलवाली म्हणाली.

"होती."

"मग पाणी?"

"पिकाला दिलं."

"अहो, माती भिजवून ठेवलीय. वाळली तर सगळी मेहनत पाण्यात."

"पाण्यात कशी जाईल? पाणीच नाही." पाटकरी हसला तसा तुटक्या दातातून वारा वाजला. "माती मरत नाही बाई, पीक मरतं. धरणातूनच कमी सोडतायत, मी तरी काय करू? फारच निकड असेल तर थुंकून तुडव."

बायका खदाखदा हसल्या. एकीनं तर पिळायचं लुगडं तोंडाशी धरलं. पाटकऱ्याला आपला विनोद इतका आवडला की दुसरा डोळाही त्यानं बारीक केला. कौलवालीला बोलायला पुष्कळ होतं, पण या बायकांसमोर रडू फुटेल या भीतीनं ती तशीच मागं फिरली. चारीच्या काठानं चालताना तिचे कान तापले होते. घरापर्यंत ते हसू तिच्या मागून येत राहिलं.

माती वाळलीच. वाळत घातलेली कच्ची कौलंही तडकली, कारण त्यांवर ओला हात फिरवायला पाणी नव्हतं. नवऱ्यानं तडकलेली कौलं गोळा करून ढीग केला.

पुढे पाटाचं पाणी आणखी उतरलं. संध्याकाळी झडपेपाशी चार बोटं दिसायचं, सकाळी बोटभर. वर धरणावर कोण बसतं, कोण सोडतं, गावातल्या कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर राग तरी किती दिवस धरणार? मोरी मात्र रोज दिसायची. काळोखी, थंड, आत हाक मारली की जराशा उशिरानं परत येणारी. मोरीत काहीतरी बसलंय आणि ते पाणी पितंय, ही गोष्ट पहिल्यांदा कोण बोललं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण सगळ्यांनी ती कोणाकडून तरी ऐकली होती. कडेच्या चिखलात रुंद पावलं उमटलेली कोणी पाहिली. मोरीतून घोट घेतल्याचा आवाज कोणी ऐकला. पाटाच्या अगदी टोकाला ज्याचं रान, ज्याच्यापर्यंत बऱ्या दिवसांतही पाणी रडतखडत पोचायचं, त्या टेलवाल्यानं तर अंगावर काटा आलेला दाखवला.

मग एका सकाळी गावचा कारभारी कौलवाल्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे टेलवाला.

"मोरीवर बसवायला एक तोंड पाहिजे," कारभारी म्हणाला. "घरांच्या आढ्यावर बसवता तसलं नाही. मोठं. आत जे आहे त्याची पाचावर धारण बसली पाहिजे."

हे या घराचं जुनं काम. कौलं तर कोणीही थापेल, पण आढ्याच्या टोकावर बसवायचं राक्षसाचं तोंड याच घरातून जायचं. गावात एकही छप्पर असं नव्हतं जिथून यांचा राक्षस डोळे वटारून रस्त्याकडे बघत नव्हता. राक्षसाला बघून राक्षस पळतो, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. कौलवालीचा सासरा तरुणपणी गवंड्यांच्या टोळीबरोबर लांबलांबचे मुलूख फिरला होता. प्रार्थनाघरांच्या छतावरून पावसाचं पाणी ओकणारे दगडी राक्षस त्यानं पाहिले होते. समुद्रातल्या भुतांना दम द्यायला होड्यांच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, रंगवलेले डोळे पाहिले होते, दारावर टांगलेली जीभ बाहेर काढलेली लाकडी तोंडं पाहिली होती. "माणसं वेगळी, बोली वेगळी, राक्षस मात्र सगळीकडे कामावर," असं तो सांगायचा.

आता त्याचे हात कापायचे आणि डोळ्यांपुढे सगळं धुकं होतं. ओसरीच्या खांबाला टेकून बसल्याबसल्या त्यानं कारभाऱ्याला म्हटलं, "सून करेल. माझ्यापेक्षा चांगला हात आहे तिचा."

"पण पाणी?" कौलवालीनं विचारलं.

"दोन हंडे देऊ," कारभारी म्हणाला. "त्यातच भागव."

दोघं गेल्यावर सासऱ्यानं तिला जवळ बसवलं आणि लहान पोराला पाढे द्यावेत तसं पुन्हा एकदा सांगितलं, "डोळे घुबडाचे, नाक रेड्याचं, सुळे रानडुकराचे. माणसाचं काही घ्यायचं नाही. माणसाचं घेतलं की ते तोंड माणूस शोधत बसतं."

"ठाऊक आहे, आबा."

"ठाऊक सगळ्यांना असतं."

ती कामाला लागली. भट्टीच्या सावलीत फळीवर तिनं मातीचा परातीएवढा थर थापला, मागून राखेची पोटली लावून त्याला फुगवटा दिला. रेड्याचं नाक चांगलं जमलं. सुळे तिनं वेगळे वळून चिकटवले. हात चालू होते आणि डोक्यात तेच ते घोळत होतं. थुंकून तुडव म्हणाला. सगळ्यांसमोर. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल सोड गं, आणि सांगितलं नाही तर आत कुजत राहतं. बायकांचं ते हसू आठवलं की तिचा अंगठा मातीत जास्तच रुतायचा. दुपार कलेपर्यंत ती मान वर न करता बसली होती. घाम पुसायला म्हणून मागे सरकली तेव्हा तिनं आपलं काम पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तिच्या छातीत धस्स झालं.

डावी पापणी अर्धी मिटलेली होती. दोन सुळ्यांच्या मधे एक दात तुटका होता. उजवा कान वरून दुमडलेला.

आपण हे केलं कधी? तिला खरंच आठवेना. आणि खरं सांगायचं तर त्या धस्स होण्याच्या मागोमाग तिला हसूही आलं. कसा बरोबर सापडला मेला, असं वाटलं. पापणी उचलायला बोट लागलं असतं, एक बोट. तिनं ते लावलं नाही.

संध्याकाळी सासरा काठी टेकत आला आणि फळीसमोर उकिडवा बसला. कापऱ्या बोटांनी तो तोंड चाचपत गेला. नाकावर समाधानानं हुंकारला. सुळ्यांवर थांबला. मग डोळ्यावर आला आणि त्याची बोटं तिथेच राहिली.

"घुबडाला पापणी कधीपासून आली?"

"ओली माती आहे आबा, ओघळली असेल."

बोटं कानावर गेली.  त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण गावातली तोंडं त्याला जन्मापासून पाठ होती.

"मोड हे," तो म्हणाला.

"आणि पुन्हा पाणी कुठून आणू? दोन हंड्यांत एकच व्हायचं होतं."

"मोड म्हणतोय ना मी."

"मोडते," ती म्हणाली.

तिनं मोडलं नाही. कौलांच्या रांगेमागे ते वाळवलं आणि भट्टी लावताना मधोमध, चांगल्या आचेच्या जागी ठेवलं. सासऱ्यानं विचारलं, दुसरं केलंस ना, तर केलं म्हणून सांगितलं. त्याच्या तोंडावर खोटं बोलायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं ते तिला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

तोंड भाजून लालबुंद निघालं. कुठे चीर नाही, डाग नाही. मोरीच्या कमानीवर ते बसवलं तेव्हा सगळं गाव जमलं होतं. सगळ्यांनी माना वर केल्या. मग धुणं धुणाऱ्या बायकांतली एक फिस्सकन हसली. "अगं बाई, हा तर आपला पाटकरी!"

हशाचा असा काही भडका उडाला की झाडावरची पाखरं उठली. पाटकरीही हसला. कमानीखाली उभा राहून त्यानं तसंच तोंड वेंगाडलं, डोळा मिचकावला, आणि लोकांनी पोट धरलं. "बरं झालं, मी घरी गेलो तरी राखण राहील," तो म्हणाला. कौलवालीच्या मनावरचं ओझं उतरलं. फिट्टंफाट झाली, असं तिला वाटलं. त्या रात्री ती गाढ झोपली.

पाणी मात्र वाढलं नाही. उलट आठवड्याभरात झडपेखालचा तळ दिसायला लागला. एक वासरू पाटाच्या काठी मरून पडलं. आणि मग जे हसण्यावारी गेलं होतं ते लोकांनी पुन्हा बाहेर काढलं.

"या घरानं आजवर एवढी तोंडं केली," टेलवाला पारावर सांगू लागला, "एक तरी माणसासारखं झालं? मग हेच का झालं? तिच्या हातांना दिसलं. आपल्याला दिसलं नाही ते तिच्या हातांना दिसलं. पाण्यापाशी सदा बसलेला कोण? किल्ली कोणाच्या गळ्यात?"

हे ऐकल्यावर लोकांना एकेक आठवू लागलं. पाटकऱ्याला कधी कोणी विहिरीवर पाणी पिताना पाहिलंय का? नाही. त्याची पावलं केवढी रुंद! ती पापणी झोपेतही तशीच अर्धी उघडी असते म्हणे. पोरं आधी लांबून ओरडायची, मग दगड मारायला लागली. रस्त्यानं तो येताना दिसला की बायका लेकरांना पदराखाली घ्यायला लागल्या.

कौलवालीचा भाव मात्र वधारला. ज्या बायका हसल्या होत्या त्याच आता वाट वाकडी करून अंगणात यायच्या, आवाज खाली घेऊन विचारायच्या, "तुला कसं गं कळलं?"

"मला काही कळलं नाही. हात गेला तसा झाला."

"तेच तर! हात आपोआप गेला." आणि त्या एकमेकींकडे बघायच्या. जाताना कोणी कळशीभर पाणी ठेवून जाई, कोणी घागरभर. शेजारच्या रानवाल्यानं तर आपल्या वाटणीतलं उरलंसुरलं पाणी तिच्या खड्ड्याकडे वळवलं. कितीतरी दिवसांनी तिनं माती तुडवली. तळपायांना गारवा लागला आणि तिला बरं वाटलं, हे खोटं नाही. पण तुडवताना ती मोरीच्या दिशेला पाठ करून उभी राहिली. रात्री नवरा म्हणाला, "लोक म्हणतात तुला दिसतं. मला जरा लांबच ठेव, माझं नाक आधीच मोठं आहे," तेव्हा ती त्याच्यावर इतकी खेकसली की तो उठून बाहेर जाऊन बसला.

एका दुपारी पाटकऱ्याची बायको आली. मागच्या कुंपणातून आली, समोरच्या रस्त्यानं यायची तिला सोय राहिली नव्हती. ती बसली नाही. कौलांच्या ढिगाशी उभी राहून पदराची किनार बोटाला गुंडाळत राहिली.

"ताई, विहिरीवर माझ्या हातातला दोर काढून घेतला."

कौलवालीनं हातातलं लाकडी थापटणं खाली ठेवलं.

"काल यांचं कपाळ फुटलं. घरात बसून आहेत. उद्या सकाळी यांना मोरीत बसवायचं ठरलंय. पाणी येईपर्यंत आत ठेवायचं आणि वरून झडप पाडायची. धरणातून अचानक सोडलं तर? उंदरासारखे मरतील ते."

"कोण म्हणतं असं?"

"सगळेच. तुम्ही एवढंच म्हणा, की चुकून झालं."

"मी कुठे म्हटलं की ते राक्षस आहेत?"

"म्हटलं नाहीत," पाटकऱ्याची बायको म्हणाली. "केलंत."

भट्टीत लाकूड तडतडलं. तेवढ्यानंही दोघी दचकल्या.

"मी सकाळी जाऊन दुरुस्त करते," कौलवाली घाईघाईनं म्हणाली. "ओली माती लावते. पापणी, कान, सगळं बुजवते. ओळखू येणार नाही."

पाटकऱ्याची बायको कुंपणापर्यंत गेली आणि वळली. "तुमच्या मनात होतं का हो ते?"

कौलवालीनं थापटणं उचललं आणि मातीवर मारलं. 

सकाळी तिनं सासऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो रागावेल म्हणून तिनं जीव मुठीत धरला होता, पण तो नुसता म्हणाला, "माती घट्ट ने. सैल माती भाजल्या अंगावर धरत नाही." मग जरा वेळानं म्हणाला, "लवकर जा."

नवऱ्यानं मळलेल्या मातीची पाटी डोक्यावर घेतली. कोरणी तिच्या हातात. पण ती दोघं पोचली तेव्हा मोरीपाशी गर्दी झाली होती. पाटकऱ्याचे हात पुढे दोरीनं बांधलेले होते. कपाळावर रक्त सुकलेलं. किल्ली त्याच्या गळ्यात नव्हती, ती टेलवाल्याच्या मुठीत होती. पाटकरी ओरडत नव्हता, हातापाया पडत नव्हता. तो कमानीवरच्या तोंडाकडे बघत होता, जणू आपण राक्षस नाही याची त्यालाही आता खात्री वाटेनाशी झाली होती. कौलवालीला ते बघवेना.

"आली, आली," लोक म्हणाले आणि त्यांनी वाट करून दिली.

ती कमानीशी गेली, पाटीतला गोळा काढला आणि त्या अर्ध्या पापणीवर दाबायला हात वर केला. टेलवाल्यानं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"चुकलंय माझं. दुरुस्त करते."

"त्याला झाकतेस? त्यानं दम दिलाय तुला?"

"कोणी नाही दिला. ऐका माझं." तिचा आवाज चिरकला. "मला काही दिसलं नाही. मला याचा राग होता. सगळ्यांसमोर मला थुंकून तुडव म्हणाला, तो राग होता. रागात हात चालला आणि मी तो आवरला नाही. मला कळलं होतं, तरी मी भाजलं. झालं?"

 मग कारभारी मायेनं म्हणाला, "घाबरलीय पोर. तिला बाजूला घ्या."

"चल, घरी चल," नवरा तिच्या कानाशी कुजबुजला. "आपण सांगितलं. आता काय करणार?"

तिकडे चाक करकरलं. झडप वर जायला लागली, मोरीचं काळं तोंड उघडं पडलं आणि आतली थंड, शेवाळी हवा सगळ्यांच्या पायांवर आली. दोघांनी पाटकऱ्याला काखेत धरलं. त्याचा एक पाय घसरला आणि तेवढा एकदाच तो "आई गं" म्हणाला.

कौलवालीनं पाटी नवऱ्याकडून हिसकावली आणि जमिनीवर पालथी केली. धुण्याच्या दगडावर मातीचा गोळा आपटला. सगळे वळले. तिनं मान वर करून टेलवाल्याकडे एकदा पाहिलं, नीट पाहिलं, आणि हात चालवायला सुरुवात केली.

असे भराभर हात तिचे कधी चालले नव्हते. खालचा ओठ जाड, बाहेर लोंबणारा. हनुवटीवर चामखीळ. एक भुवई वर चढलेली. दोन्ही गालांतला तो फुगीरपणा. लोक पुढे सरकून बघायला लागले. शेवटी तिनं चिमटीनं दोन सुळे ओढून काढले, ओठांतून वर वळवले, आणि कोरणीनं डोळ्यांच्या बाहुल्या खोल खणल्या. दगडावरून ओला टेलवाला गावाकडे डोळे वटारून बघत होता.

कोणीतरी हसायला गेलं, पण ते हसू घशातच राहिलं. चाकाशी उभा असलेला टेलवाल्याचा सख्खा भाऊ भावाकडे बघत एक पाऊल मागे सरकला. एकच पाऊल, पण ते सगळ्यांनी पाहिलं. टेलवाल्यानंही पाहिलं.

"अरे, तू काय बघतोस?" टेलवाला भावाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम पातळ झाला होता.

"आता सांगा," कौलवाली म्हणाली. तिला धाप लागली होती. "हातांना दिसतं म्हणता ना? हेही दिसलं. यालाही आत बसवा. याचं रान टोकाला, तरी याच्या घरचे हंडे कोरडे कसे नाहीत, विचारा." हे तिनं वाटेल ते ठोकून दिलं होतं, पण दोघातिघांनी खरंच एकमेकांकडे पाहिलं. ते बघून तिला लोकांची भीती वाटली, आणि स्वतःची त्याहून जास्त. "माती पुष्कळ आहे. कारभारी, तुमचंही करते. दोन्ही भुवया जुळलेल्या आहेत, सोपं आहे."

कारभाऱ्यानं पटकन तोंडावर हात घेतला.

मग बाकीच्यांनीही घेतला. कोणी गमछा ओढला, कोणी पदर, कोणी नुसती मान फिरवली. बायकांनी लेकरांची तोंडं पोटाशी दाबली. किल्ली दगडावर पडल्याचा आवाज झाला. ती कोणी टाकली ते बघायलाही कोणी थांबलं नाही. थोड्या वेळात मोरीपाशी ती, नवरा आणि पाटकरी एवढेच उरले. पाटकरी दातांनी दोरी सोडवत होता. ती मदतीला पुढे झाली तसा तो बांधल्या हातांनीच मागे सरकला.

तिनं ओला टेलवाला मुठीनं मोडून टाकला. कमानीवरचं तोंड नवऱ्यानं खाली उतरवलं आणि दोघं ते घरी घेऊन आली.

त्यानंतर अंगणात कोणी आलं नाही. गावातली छपरं हळूहळू बोडकी झाली. आढ्यावरची जुनी तोंडं, काही तर सासऱ्याच्या बापाच्या हातची, लोक पहाटे आणून कुंपणाशी पालथी ठेवून जायचे. फोडायची कोणाची हिंमत नव्हती. ती बाहेर पडली की रस्ता रिकामा व्हायचा, आणि जे अडकायचे ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. विहिरीवर तिच्या हातातला दोर कोणी काढून घेतला नाही, पण ती पोचायच्या आधी विहीर मोकळी झालेली असायची. नवरा कौलं विकायला दुसऱ्या गावांना जाऊ लागला. तो पूर्वीसारखा वागायचा, फक्त तिच्याशी थट्टा करायचं सोडलं होतं. जेवताना मान खाली घालून जेवायचा. मुद्दाम नाही. एकदा तिनं हाक मारली तर त्यानं वर बघायला जरासा वेळ घेतला, आणि तो वेळ तिच्या मनातून जाईना.

"आबा, तुम्हाला नाही का हो भीती वाटत माझी?" तिनं सासऱ्याला विचारलं.

"माझं तोंड आता कोणासारखंच राहिलं नाही," तो म्हणाला. "तू काय करणार त्याचं?" तिला हसू आलं आणि त्यातच रडू आलं.

खड्डा पुन्हा वाळायला लागला होता. शेजारच्यानं आपलं पाणी केव्हाच तोडलं होतं आणि मागायला जायचं तर समोर तोंड दाखवणारं कोणी नव्हतं. भेगा बोट जाईल एवढ्या झाल्या. अशात एका सकाळी कुंपणापाशी कोणीतरी खाकरलं.

पाटकरी होता. डोकं, कपाळ, नाक, सगळं त्यानं गमछ्यात गुंडाळून घेतलं होतं. फक्त उजवा डोळा उघडा, आणि तोही जमिनीकडे. किल्ली पुन्हा गळ्यात आली होती.

"या ना," कौलवाली म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी आपणहून आलं होतं. "बसा. कपाळ बरं झालं का?"

"बसत नाही." तुटक्या दाताचा तो आवाज गमछ्यातून दबका आला. "ते तोंड... ते मला द्या."

"कशाला?"

"तुमच्याकडे आहे तोवर झोप लागत नाही."

 मग तिनं आतून पोत्याखालचं ते तोंड आणलं. हातात देताना त्याची बोटं आपल्या बोटांना लागू नयेत म्हणून तो किती जपतोय ते तिला दिसलं. त्यानं ते फडक्यात गुंडाळलं आणि तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं.

"माझं चुकलं त्या दिवशी," तो खाली बघत म्हणाला. "थुंकीचं बोललो ते."

"माझंच चुकलं. तुम्ही मनात काही ठेवू नका."

"नाही, नाही. माझंच. काही राग असेल तर..." तो मागे मागे सरकत होता. "उद्यापासून तुमची पाळी चुकणार नाही. आधी तुम्हाला, मग बाकीच्यांना. गावानंच ठरवलंय. टेलवाला पण हो म्हणालाय."

"मला सगळ्यांच्या आधी नको. माझ्या वाटणीचं तेवढं द्या."

"असू द्या, असू द्या," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आधीच चारीत खळखळ ऐकू आली. पाणी आलं होतं, चांगलं घोटाभर, वाटेतल्या सगळ्या कोरड्या रानांना ओलांडून. चारीच्या काठावर लांबवर चारपाच माणसं तोंडं झाकून उभी होती. पाणी पोचलं का ते बघत होती, की ती ते घेते का ते, हे तिला कळेना. देवापुढे असं तोंड झाकून कोणी उभं राहत नाही.

पाणी बांधाशी येऊन अडलं आणि फुगायला लागलं. कौलवाली फावडं घेऊन खड्ड्याच्या कडेला उभी होती. पाणी मागं वळवावं, ओरडून सांगावं की मला नको, असं तिच्या मनात आलं. पण भट्टी थंड होती, नवरा रिकाम्या हातानं परतला होता आणि पायाखालची माती फुटत चालली होती. तिनं वाकून बांधावर फावडं मारलं. पाणी आत शिरलं आणि भेगा चर्र करून ते प्यायला लागल्या.

लांब उभी असलेली माणसं हळूहळू पांगली. ती चिखलात उतरली आणि खाली मान घालून तुडवायला लागली.